मंत्री लिहितात, ‘प्रश्न उद्भवत नाही’

(वनहक्क समित्यांच्या तालुका शिबिरात केलेलं भाषण. बोलले तसंच ठेवलंय, दुबार आलेलं तेवढं काढलंय.)



मला विषय दिलाय तो असा. लोकसभेत आणि विधानसभेत खासदार-आमदार लेखी प्रश्न विचारतात, मंत्री लेखी उत्तर देतात, त्याचा आपल्या जमिनीशी काय संबंध? मघाशी जेवताना एक काका बोलले, "आपलं भांडण गारदाशी नि राउंडवाल्याशी. दिल्लीशी आपलं काय काम हाय?" काम हाय काका. तेच सांगते.

तुम्ही वनहक्क कायद्याखाली दावा भरला. गावच्या समितीने जागेवर जाऊन बघितला, ग्रामसभेने ठराव केला, कागद प्रांताच्या उपविभागीय समितीत गेले, तिथून कलेक्टरच्या जिल्हा समितीत. तुम्हाला अजून काही कळलेलं नाही. पण वर मुंबईला आणि दिल्लीला तुमचा दावा एका आकड्यात मोजला गेलाय. मंजूर धरला, नाकारलेला धरला का पडून असलेला धरला, ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. मंत्री सभागृहात उत्तर देतात ते त्याच आकड्यावर.

आता हे नीट ऐका. कायद्याच्या कलम ४ मध्ये लिहिलंय का दाव्यांची तपासणी आणि मान्यता पुरी होईपर्यंत कोणाही दावेदाराला त्याच्या जमिनीवरून काढायचं नाही. ही आपली ढाल आहे. पण तपासणी "पुरी झाली" हे ठरवणार कोण? कागद ठरवणार. ज्या दिवशी वरच्या कागदावर "या तालुक्यातील सर्व दावे निकाली काढण्यात आले" असं येईल, त्या दिवशी ढाल गेली असं समजून फॉरेस्टवाले जेसीबी घेऊन येतील. म्हणून वर काय लिहिलं जातंय त्यावर आपली नजर पाहिजे.

प्रश्न कसा चालतो

लोकसभेत सकाळी ११ ते १२ प्रश्नांचा तास असतो. प्रश्न मुख्य दोन जातीचे. ज्याच्यापुढे ताऱ्याची खूण असते तो तारांकित. त्याला मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतात आणि त्यावर खासदार उलट प्रश्न विचारू शकतात. असे दिवसाला २० प्रश्न लागतात, पण तासाभरात त्यातले थोडेच होतात. उरलेल्यांना लेखी उत्तर मिळतं. दुसरी जात अतारांकित. ते दिवसाला २३० पर्यंत असतात. त्यांचं उत्तर फक्त लेखी, सभागृहाच्या पटलावर ठेवतात. त्यावर उलट प्रश्न नाही, चर्चा नाही. एका खासदाराचे एका दिवसाला जास्तीत जास्त पाच प्रश्न लागतात, त्यात तारांकित एकच. कोणाचा नंबर आधी ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. प्रश्न १५० शब्दांच्या आत पाहिजे. कोर्टात चालू असलेल्या केसवर विचारता येत नाही, आणि मंत्र्याचं मत काय असंही विचारता येत नाही. माहिती विचारायची.

आपल्या विधानसभेत आणि विधान परिषदेतही तारांकित-अतारांकित आहेत. तिथली भाषा ठरलेली आहे. "हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय?"

तोंडी उत्तराची बातमी होते, टीव्हीवर येते. लेखी उत्तर कोणी वाचत नाही. पण आपल्या कामाचं जास्त तेच, कारण त्यात आकडे असतात, तक्ते असतात, आणि ते मंत्र्याच्या नावाने कायमचं छापलेलं राहतं. मोर्चासमोर येऊन साहेब जे बोलतात ते दुसऱ्या दिवशी "मी असं बोललोच नाही" म्हणू शकतात. छापील उत्तराबद्दल असं म्हणता येत नाही. जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं तर तो सभागृहाचा हक्कभंग होतो.

उत्तर कुठे तयार होतं

मंत्री काय आपल्या पाड्यावर येऊन मोजणी करत नाहीत. प्रश्न लागला की तो मंत्रालयातून कलेक्टर कचेरीत येतो, तिथून प्रांताकडे, तहसीलला, फॉरेस्टच्या रेंजला, शेवटी तलाठी आणि गारदापर्यंत. कचेरीतले लोक त्याला "एलएक्यू" म्हणतात. एलएक्यू आला की बाकीची कामं बाजूला ठेवतात, कारण माहिती वेळेत वर गेली नाही तर साहेबाला झापतात. तुम्ही कधी कचेरीत गेलात आणि "आज अधिवेशनाचं काम आहे, उद्या या" असं ऐकलंत ना? ते हेच काम.

म्हणजे बघा. दिल्लीत मंत्री जे वाचतात ते आपल्याच तालुक्यातून गेलेलं असतं. ज्याच्याविरुद्ध आपली तक्रार आहे, बऱ्याच वेळा त्याच्याच टेबलावर उत्तराचा पहिला कागद लिहिला जातो. मंत्री एकटे खोटं बोलतात असं नाही. खालचं खोटं शिक्के घेत घेत वर चढतं. म्हणून त्याला धरायची जागा सुद्धा खालीच आहे, आणि धरायला आपणच पाहिजे. दिल्लीतल्या खासदाराला आपल्या कुठल्या पाड्यावर किती दावे भरले ते कुठून माहीत असणार?

एका उत्तराने काय दिलं

३ मे २००२ ला केंद्राच्या पर्यावरण आणि वन खात्याने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं. देशात साडेबारा लाख हेक्टर वनजमिनीवर अतिक्रमण आहे, ते ३० सप्टेंबरपर्यंत काढा. त्यानंतरचे दिवस इथल्या म्हाताऱ्यांना मी सांगायला नको. आसामात तर हत्ती लावून घरं पाडली. महाराष्ट्रात संघटनांनी जोर लावला, मग १० ऑक्टोबर २००२ चा शासन निर्णय आला आणि गावसमितीपुढे म्हाताऱ्यांच्या तोंडी पुराव्यावरही दावे तपासायचे ठरलं. पण देशभर किती लोकांना उठवलं? जो तो आपल्या भागाचं सांगत होता. एकूण आकडा फक्त सरकारकडे होता.

तो आकडा २००४ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेतल्या एका अतारांकित प्रश्नाच्या उत्तरात बाहेर आला. पत्र निघाल्यापासून सुमारे दीड लाख हेक्टर जमिनीवरून अतिक्रमण काढलं, असं खात्याने स्वतः लिहून दिलं. खात्याला वाटलं आपण केलेलं काम दाखवतोय. आपल्यासाठी तो कबुलीजबाब होता. तोवर आपण म्हणायचो "लोकांना उठवतायत" आणि साहेब म्हणायचे "अफवा आहेत". या उत्तरानंतर अफवा म्हणायची सोय राहिली नाही. देशभरच्या संघटनांनी हा आकडा पत्रकात घातला, भाषणात घातला. पुढे १३ डिसेंबर २००५ ला वनहक्काचं बिल लोकसभेत मांडलं गेलं, आणि २००६ च्या डिसेंबरात कायदा झाला. एका उत्तराने कायदा आला असं मी म्हणत नाही. कायदा आणला धरणं धरणाऱ्यांनी, तुरुंगात गेलेल्यांनी. पण त्यांच्या हातात सरकारचाच आकडा होता, त्याने बळ आलं.

आता त्याच उत्तराची दुसरी बाजू. दीड लाख हेक्टर म्हणजे पावणेचार लाख एकर. आपल्याकडे एका घराचा प्लॉट दोन-तीन एकराचा. तुम्हीच हिशोब करा किती चुली विझल्या असतील. पण तो आकडा उत्तरात नाही. जमीन मोजली, माणसं मोजली नाहीत. "किती कुटुंबांना काढले, ती आता कुठे आहेत" हे उत्तरात आणायचं तर ते प्रश्नात पाहिजे. मंत्री विचारलं तेवढंच सांगतात, आणि कित्येकदा तेवढंही नाही.

उत्तर वाचायचं कसं

काही शब्द ओळखून ठेवा.

"निकाली काढले." हा सगळ्यात फसवा. मंजूर झालेला दावाही निकाली आणि नाकारलेलाही निकाली. समजा एका गावात ४० दावे होते, ५ मंजूर केले, ३५ नाकारले. उत्तरात येईल, "४० पैकी ४० दावे निकाली, शंभर टक्के काम पूर्ण." ऐकणारा टाळ्या वाजवेल. निकाली शब्द दिसला की दोन आकडे वेगळे मागायचे.

"मंजूर." हा सुद्धा पुरता खरा नाही. तीन एकराचा दावा आणि पट्टा आला दहा गुंठ्यांचा, तरी यादीत तो मंजूरच. म्हणून मागितलेलं क्षेत्र किती आणि दिलेलं किती, हे शेजारी शेजारी विचारायचं.

"लाभार्थी." रेशन किंवा घरकुल मिळालं तर लाभार्थी. इथे आपल्याला कोणी लाभ देत नाही. आपल्यावर ऐतिहासिक अन्याय झाला असं या कायद्याच्या सुरवातीलाच सरकारने लिहिलंय, आणि आपला हक्क आधीचाच आहे, तो मान्य करायचाय. उत्तरात लाभार्थी आलं तर आपल्या ठरावात आपण हक्कदार लिहायचं.

"माहिती गोळा करण्यात येत आहे व ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल." आपण म्हणतो टाळलं. टाळलंच, पण हे आश्वासन धरलं जातं. लोकसभेत १९५३ पासून सरकारी आश्वासनांची समिती आहे. असं आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, नाही केलं तर समिती खात्याला विचारते. आपल्या विधानमंडळातही आश्वासन समिती आहे. म्हणून असं उत्तर आलं की तारीख लिहून ठेवायची, तीन महिने मोजायचे आणि त्याच खासदार-आमदाराला परत पत्र द्यायचं.

"ही बाब राज्य शासनाच्या अखत्यारीतील आहे." आणि राज्यात विचारलं तर "केंद्राकडे पाठपुरावा सुरू आहे." या खेळात आपला चेंडू होतो. त्यावर उपाय म्हणजे प्रश्न योग्य खात्याला लावणं. केंद्रात या कायद्याचं खातं आदिवासी कार्य मंत्रालय, राज्यात आदिवासी विकास विभाग. गारदाने पीक तुडवलं, अवजारं नेली, तर ते वन विभागाला. एकाच प्रश्नात सगळं कोंबलं की सगळ्यांनाच पळायला वाट मिळते.

आणि शेवटचं, "प्रश्न उद्भवत नाही." हे कुठून येतं ते बघा. समजा आपण असा प्रश्न दिला:

(१) अमुक तालुक्यातील आदिवासींचे वनहक्क दावे जाणूनबुजून डावलले जात आहेत, हे खरे आहे काय. (२) असल्यास, दोषींवर कोणती कारवाई केली?

उत्तर येईल: (१) हे खरे नाही. (२) प्रश्न उद्भवत नाही.

संपलं. दोन ओळींत अख्खा तालुका गप्प. प्रश्न रागाचा होता, राग खरा होता, पण त्याला "नाही" म्हणायला एक शब्द पुरला. आता हाच प्रश्न असा द्या:

(१) अमुक तालुक्यात अमुक तारखेपर्यंत किती वैयक्तिक वनहक्क दावे ग्रामसभांनी शिफारस करून उपविभागीय समितीकडे पाठवले, गावनिहाय संख्या काय. (२) त्यांपैकी मंजूर, नामंजूर व प्रलंबित प्रत्येकी किती. (३) नामंजूर दाव्यांपैकी किती दावेदारांना कारणांसह लेखी कळवले व कोणत्या तारखांना. (४) मंजूर दाव्यांत मागितलेले व मान्य केलेले एकूण क्षेत्र किती. (५) सामूहिक हक्कांचे किती दावे आले व किती मान्य झाले?

यात "खरे आहे काय" कुठेच नाही. त्यामुळे "खरे नाही" म्हणता येत नाही, आणि पहिला भाग पडला नाही म्हणून पुढचेही पडत नाहीत. उत्तर आकड्यातच द्यावं लागतं. तिसरा मुद्दा का घातला ते सांगते. उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे दाद मागायला ६० दिवस असतात. पण ज्याला दावा नाकारल्याचं कळवलंच नाही, त्याने दिवस कुठून मोजायचे? "लेखी कळवलेले: शून्य" असं उत्तर मंत्र्याच्या नावाने आलं, तर ते अपिलाला जोडायला त्याहून चांगला कागद नाही. आणि खोटा आकडा दिला, तर गावनिहाय विचारलंय म्हणून आपण गावात बसून तो पकडू.

कागदावर किती भरवसा ठेवायचा

प्रश्नाने मोठी माणसं हलली आहेत. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने लोकांचा पैसा मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांत घातल्याचं लोकसभेतल्या प्रश्नोत्तरातून पुढे आलं. सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार फिरोज गांधी त्याच्या मागे लागले, चौकशी बसली आणि १९५८ साली अर्थमंत्री कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला.

पण प्रश्न विकलेही गेलेत. प्रश्न विचारायला पैसे घेतले म्हणून डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांना काढून टाकलं. त्यात १० लोकसभेचे, १ राज्यसभेचा, आणि दोघे आपल्या महाराष्ट्रातले. म्हणजे कंपनीवाल्याला प्रश्नाची किंमत कळते. आपल्याला का कळू नये? आपण पैसे देणार नाही. आपण मतं देतो, तेवढ्यावर त्यांनी आपला प्रश्न नेलाच पाहिजे.

आणखी एक जुनी गोष्ट. इंग्रजांच्या काळात कायदेमंडळात प्रश्न विचारायचा हक्क १८९२ च्या कायद्याने मिळाला. पहिला प्रश्न १८९३ साली भिनग्याच्या राजाने विचारला. विषय होता दौऱ्यावर येणाऱ्या साहेबांच्या मुक्कामाला गावच्या दुकानदारांना रसद पुरवावी लागते त्याचा जाच. म्हणजे या देशातला पहिलाच प्रश्न एका तऱ्हेच्या वेठीचा. मग वेठ त्या प्रश्नाने गेली का? आपल्याकडे त्यानंतर पन्नास वर्षं वेठ चालूच होती. १९४५ साली आपल्या वारली आजा-पणजांनी "वेठ करणार नाही" म्हणून सांगितलं, मार खाल्ला, गोळ्या खाल्ल्या, तेव्हा ती गेली.

म्हणून काकांच्या मनातली शंका बरोबर आहे. नुसत्या कागदाने जमीन मिळणार नाही. पण मोर्चा घेऊन आपण प्रांतापुढे उभे राहतो, साहेब विचारतात "तुमच्याकडे आकडा काय?" आणि आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो, तेव्हा मोर्च्याचं अर्धं बळ तिथेच जातं. मोर्च्याला आकडा पाहिजे आणि आकड्याला मोर्चा पाहिजे.

आता काम

पहिलं. प्रत्येक पाड्यावर एक वही. दावेदाराचं नाव, दावा कधी भरला, पोच आहे का, जागा किती कसतो, जोडलेले पुरावे कुठले, दंडाची पावती, एकसालीचा कागद का म्हाताऱ्याचा जबाब, आणि पुढे काय झालं. बाईचं नाव नवऱ्याबरोबर लावलंय का तेही, कारण पट्टा दोघांच्या नावाने द्यायचा असं कायद्यात आहे. ज्यांच्या घरात नववी-दहावीतली पोरं आहेत त्यांना हे काम द्या. वही नसेल तर मंत्र्याचा आकडा खरा का खोटा हे आपल्याला कधीच कळणार नाही.

दुसरं. प्रश्न ग्रामसभेत बसून तयार करा आणि ठराव जोडून आमदार-खासदाराला द्या. पक्ष बघू नका, विरोधातलाही चालेल, दुसऱ्या भागातलाही चालेल. अधिवेशन बसायच्या तीन-चार आठवडे आधी द्या आणि पोच घ्या. नाही विचारला तर पुढच्या सभेत तीच पोच दाखवून का नाही विचारला ते त्यांना विचारा.

तिसरं. त्याच दिवशी तीच माहिती माहितीच्या अधिकारातही मागा. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्याला ती पण माफ, तीस दिवसांत उत्तर. या कायद्याच्या कलम ८ मध्ये २०२५ पर्यंत लिहिलेलं होतं का जी माहिती संसदेला किंवा विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही माणसाला नाकारता येणार नाही. म्हणजे माहिती मागण्यापुरता तरी पाड्यावरचा माणूस आणि खासदार तेव्हा एका पायरीवर होते.

चौथं. उत्तर आलं की ते ग्रामसभेत मोठ्याने वाचा, सगळ्यांना समजेल असं, आपल्या बोलीत सांगून. वहीशी ताडून बघा. चुकीचं असेल तर ठराव करा का "अमुक तारखेच्या उत्तरात आमच्या गावाचे नाकारलेले दावे इतके दाखवले, ग्रामसभेच्या वहीप्रमाणे ते इतके आहेत" आणि तो ठराव कलेक्टरला, मंत्र्याला आणि प्रश्न विचारणाऱ्याला पाठवा. ग्रामसभेचा ठराव हा या कायद्यातला कागद आहे, तक्रारअर्ज नाही.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येक गावाने वही घेऊन यायचं. ज्या गावाची वही होईल त्या गावाचा प्रश्न पहिला जाईल. सुरवात आजच करू. बाहेर ओट्यावर कोऱ्या वह्या ठेवल्यात, जाताना गावाचं नाव सांगून घेऊन जा.

जल, जंगल, जमीन कोणाची? आपली आहे! जिंदाबाद.